प्रपोझिशन ८ ला ‘होय’ म्हणणाऱ्या माझ्या मराठी माणसांना

सॅन होजे, कॅलिफोर्निया
२३ नोव्हेंबर २००८

बे एरियातल्या मराठी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

४ नोव्हेंबरला ज्यांनी प्रपोझिशन ८ वर, म्हणजे समलिंगी लग्नांवर बंदी घालणाऱ्या प्रस्तावावर, ‘होय’ असं मत दिलं, त्यांना हे पत्र आहे. तुम्ही अगदी मोजके नाही, हे मला ठाऊक आहे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाशी तुमच्यापैकी काहींनी मला ते तोंडावर सांगितलं. आमच्याच भागातल्या एका घराच्या अंगणात वर आकाशकंदील आणि खाली ‘येस ऑन ८’ ची निळी-पिवळी पाटी, असं दृश्य दिवाळीभर मी कामावर जाता-येता पाहत होते.

भांडण काढायला मी लिहीत नाही. पण काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तुमच्या घरी आरतीला येणं आता मला जमणार नाही. मनात आहे ते बोलायचं आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. यंदा १५ मे रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की दोन स्त्रियांना किंवा दोन पुरुषांना लग्नाचा हक्क नाकारणं राज्यघटनेत बसत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रोनाल्ड जॉर्ज हे रिपब्लिकन गव्हर्नरने नेमलेले. जूनच्या मध्यावर लग्नं सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोत पहिलं लागलं ते डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचं. दोघी ऐंशीच्या पुढच्या, पन्नासहून जास्त वर्षं एकत्र राहिलेल्या. ऑगस्टमध्ये डेल गेल्या. पाच महिन्यांत राज्यात अंदाजे अठरा हजार जोडप्यांनी लग्न केलं. सप्टेंबरात आम्हीही केलं. मग निवडणूक आली, प्रपोझिशन ८ मंजूर झालं आणि राज्यघटनेत एका वाक्याची भर पडली: कॅलिफोर्नियात फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच विवाह वैध. बाजूने सुमारे ५२ टक्के मतं पडली. आमच्या सांता क्लारा काउंटीत ‘नाही’वाल्यांची सरशी झाली, सॅन फ्रान्सिस्कोत तर चारांतल्या तिघांनी ‘नाही’ म्हटलं. पण राज्य मोठं आहे. त्याच दिवशी फ्लोरिडा आणि ॲरिझोना या राज्यांतही अशीच दुरुस्ती मंजूर झाली.

त्या रात्री ओबामा जिंकले म्हणून आमच्या रस्त्यावर लोक गाड्यांचे भोंगे वाजवत होते. मलाही आनंद झाला होता, मीही त्यांनाच मत दिलं होतं. माझी जोडीदार मात्र लॅपटॉपवर एकेका काउंटीचा आकडा उघडून बघत होती. ती फ्रेस्नोची. लहानपणापासून ज्या मेथडिस्ट चर्चमध्ये ती गेली, तिथल्या माणसांचा कौल काय असेल हे तिला आकडा येण्याआधीच कळलं होतं. ती रडली नाही. उठून भांडी घासायला लागली, घासलेली परत घासली.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून आईचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, “मग तुमचं लग्न राहिलं की मोडलं?” मला उत्तर देता आलं नाही. राज्याचे ॲटर्नी जनरल म्हणतात, झालेली लग्नं टिकतील. न्यायालयाने परवाच्या बुधवारी खटले दाखल करून घेतले, पण निकाल लागेपर्यंत बंदी कायम ठेवली. माझ्या आईने हे लग्न पचवायला फार त्रास काढला आहे. तिच्या भिशीतल्या बायकांना सांगायचं धाडस तिने यंदाच गोळा केलं होतं. त्या बायकांना आता ती काय सांगेल?

तुमची कारणं मी नीट ऐकून घेतली आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलते.

मुलांना शाळेत हे शिकवतील, अशी तुम्हाला भीती होती. प्रपोझिशन ८ च्या त्या वाक्यात शाळेचा उल्लेख कुठेही नाही. राज्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख जॅक ओकॉनेल स्वतः जाहिरातीत येऊन सांगून गेले, की प्रपोझिशन ८ चा शाळेशी काही संबंध नाही. सॅन फ्रान्सिस्कोतली पहिलीची मुलं आपल्या बाईंच्या लग्नाला सिटी हॉलवर गेली, ते चित्र तुम्हाला टीव्हीवर रोज दाखवलं गेलं. ती मुलं आईवडिलांच्या परवानगीने गेली होती. या मुद्द्यावर मी अधिक लिहीत नाही. प्रचारावर दोन्ही बाजूंनी मिळून सात-आठ कोटी डॉलर खर्च झाले, त्यापुढे माझ्या चार ओळी काय टिकणार!

मनाला लागलं ते तुमचं दुसरं कारण. “आमच्या धर्मात हे बसत नाही. उद्या आमच्या भटजींना हे लग्न लावायची सक्ती होईल.” आमच्यावर ज्यांची मनापासून माया आहे, अशा एका काकांनी हे सांगितलं.

काका, १५ मेच्या त्याच निकालात स्पष्ट लिहिलं आहे, की कोणत्याही धर्माला आपले नियम बदलावे लागणार नाहीत आणि कोणत्याही धर्मगुरूला त्याच्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावावं लागणार नाही. आम्ही भटजींकडे गेलो नव्हतो. काउंटी क्लार्कच्या कचेरीत गेलो होतो. तिथल्या अर्जावर त्या वेळी ‘पार्टी ए’ आणि ‘पार्टी बी’ असे रकाने होते. दोघींच्या आयांची माहेरची नावं लिहायची होती. माझ्या आईचं माहेरचं आडनाव इंग्रजीत लिहिताना मी दोनदा अडखळले, तेव्हा काचेपलीकडची फिलिपिनो बाई म्हणाली, सावकाश लिही, घाई नाही. तिने शिक्का मारला. आमच्या लग्नात सरकार आलं ते एवढंच.

त्या ‘पार्टी ए, पार्टी बी’ची एक गोष्ट सांगते. प्लेसर काउंटीतल्या एका ख्रिस्ती नवराबायकोला ते शब्द खटकले. आम्हाला वर आणि वधू म्हणवून घ्यायचं आहे, असा त्यांचा आग्रह. राज्याने ऐकलं, आणि याच महिन्यापासून अर्जावर वर-वधूच्या चौकटी परत आल्या. ज्याला हवं त्याने खूण करावी. मला हे फार आवडलं. त्यांना वर-वधू व्हायचं होतं, ते झाले, आमचं काही गेलं नाही. असा मार्ग निघू शकत होता.

तुमच्या-माझ्या घरांत रजिस्टर लग्न काय नवं आहे? माझ्या सख्ख्या मावशीचं लग्न सांगलीत रजिस्टर झालं. मुलगा दुसऱ्या जातीचा. आजोबांनी वर्षभर तिचं नाव टाकलं. पण त्यांनी कधी सरकारला सांगितलं नाही, की ही कचेरीच बंद करा. मुलीला दारात उभं करायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. रजिस्ट्रारच्या टेबलावर त्यांचा हक्क नव्हता, आणि तो नाही हे त्यांना कळत होतं.

इतिहासातला एक पराभव मला या दिवसांत सारखा आठवतो. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत असा विवाह लागला, आणि त्यात सामील झालेल्यांवर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर वाद भरला. विधवाविवाह सशास्त्र की अशास्त्र, हे ठरवायला दोन्ही बाजूंचे पंच बसले. दिवसेंदिवस शास्त्रार्थ झाला आणि बहुमताचा कौल सुधारकांच्या विरुद्ध गेला. हरले ते. पुण्याच्या पेठांतून त्यांची काय चेष्टा झाली असेल, याची मला आता चांगली कल्पना येते. पुढे विष्णुशास्त्र्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी केलं. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकलं, पण ते लग्न बेकायदा आहे असं कोणी म्हणू शकलं नाही. धर्मपीठासमोर हरूनही हे लोक लग्न करू शकले, कारण कायदा त्यांना मोकळा होता.

आमचं नेमकं उलटं झालं आहे. तुमच्या धर्मपीठाने आम्हाला नाकारलं असतं तर मी ते सोसलं असतं. देवळात आमचं लग्न लागू नये, भटजींनी आम्हाला मंगलाष्टकं म्हणू नयेत, हे मला मान्य आहे, आनंदाने नाही पण मान्य आहे. तुम्ही मात्र आपल्या धर्माचा नियम घेऊन क्लार्कच्या कचेरीत गेलात आणि ती खिडकी बंद करून आलात. आता उरलेल्या धर्मांनी काय करायचं? या राज्यातल्या एपिस्कोपल बिशपांनी प्रपोझिशन ८ ला उघड विरोध केला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रब्बींच्या मंडळाने केला. पॅसडीनाच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये समलिंगी लग्नं लागत होती. युनिटेरियन तर कित्येक वर्षांपासून आशीर्वाद देत आले आहेत. या सगळ्यांच्या श्रद्धेचं काय? त्यांनी लावलेलं लग्न राज्य मानणार नाही आणि तुमच्या धर्माचं तेवढं मानणार, असं झालं तर धर्मस्वातंत्र्य कोणाचं राहिलं?

हा प्रश्न याच राज्यात साठ वर्षांपूर्वी विचारला गेला होता. लॉस एंजेलिसमधली आंद्रेआ पेरेझ मेक्सिकन वंशाची, कायद्याच्या नजरेत गोरी, आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस काळा. दोघं कॅथलिक. क्लार्कने लायसन्स नाकारलं, कारण गोऱ्यांनी काळ्यांशी लग्न करू नये असा कायदा होता. दोघांचा युक्तिवाद असा होता: आमचं चर्च आम्हाला लग्नाचा संस्कार द्यायला तयार आहे, मग सरकारने मध्ये येऊन आमच्या धर्माचरणात का अडथळा आणावा? १ ऑक्टोबर १९४८ रोजी याच न्यायालयाने, चार विरुद्ध तीन मतांनीच, तो कायदा रद्द केला. तेव्हा मतदान घेतलं असतं तर त्यांचं काय झालं असतं, हे सांगायला नको.

त्या कायद्याचा फटका आपल्या माणसांनाही बसला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इम्पीरियल व्हॅलीत शेतीवर आलेल्या पंजाब्यांना गोऱ्या बायकांशी लग्न करता येत नसे. क्लार्क कातडीचा रंग बघून ठरवायचा. म्हणून त्यांनी मेक्सिकन बायकांशी संसार केले. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. आणि १९६४ मध्ये, प्रपोझिशन १४ च्या मतदानात, जवळजवळ ६५ टक्के कॅलिफोर्नियाकरांनी घरमालकाला भाडेकरूचा वंश बघून नाही म्हणायची मोकळीक परत दिली. १९६७ मध्ये ते न्यायालयाने रद्द केलं. नंतरच्या वर्षांत आपले लोक इथे आले, घरं भाड्याने घेतली, मग विकत घेतली. बहुमताचं ते वाक्य घटनेत राहिलं असतं तर सनीवेल-फ्रीमाँटमध्ये आपल्याला किती दारं उघडी मिळाली असती? इथे आपण मूठभर आहोत. मूठभरांनी दुसऱ्या मूठभरांचा हक्क मतपेटीत टाकायला हातभार लावावा, याचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे.

तुमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, “डोमेस्टिक पार्टनरशिपमध्ये, म्हणजे लग्नाविना नोंदवलेल्या सहजीवनात, सगळे हक्क मिळतातच ना, मग लग्नाचा हट्ट कशाला?” वहिनी, लग्नाने मला वेगळा फायदा फार मिळालाही नव्हता. १९९६ च्या डोमा कायद्यामुळे केंद्र सरकार आमचं लग्न मोजतच नाही. एच-१ व्हिसावर नोकरीला आलेल्या आपल्यातल्या मुलाला त्याच्या जोडीदारासाठी एच-४ व्हिसा मिळत नाही, ग्रीन कार्ड तर दूरच. तरी लोक रांगेत उभे राहिले. तुम्ही भाऊजींशी लग्न केलंत ते काही टॅक्स वाचवायला नाही. आमचंही तसंच.

आता दोन शब्द माझ्या बाजूच्या मंडळींसाठी. तेही हे वाचतील.

१५ तारखेला देशभर निदर्शनं झाली, आम्ही दोघीही सिटी हॉलसमोर गेलो. पण त्याआधी लॉस एंजेलिस आणि ओकलंडला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या टेंपलवर मोर्चे गेले, तिथे मला जावंसं वाटलं नाही. मॉर्मन चर्चने जूनमध्ये पत्र काढून आपल्या लोकांना वेळ आणि पैसा द्यायला सांगितलं, हे खरं आहे. राज्यात दोन टक्क्यांच्या आसपास असलेल्या या लोकांनी मोहिमेला प्रचंड पैसा दिला, हेही खरं. कॅथलिकांच्या नाइट्स ऑफ कोलंबस या संघटनेने दहा लाखांहून जास्त डॉलर दिले. त्यावर बोलायलाच हवं, हिशेब मागायलाच हवा. पण कोणीतरी टेंपलमध्ये पांढरी पूड घातलेली पाकिटं पाठवली. कोणी पाठवली ते अजून उघड झालेलं नाही, पण आमच्या रागाच्या दिवसांत ती पोचली आणि आत काम करणाऱ्या साध्या माणसांच्या उरात धडकी भरली. असं कोणी आमच्या नावाने करणार असेल तर ते आम्हाला नको आहे. काळ्या मतदारांमुळे हरलो, असंही आमच्यात बोललं जातं. ते ऐकून माझी मान खाली जाते. राज्यात काळे मतदार किती, गोरे किती, याचा तरी विचार करा. आणि सभेत एखाद्या काळ्या मुलीला तिच्या रंगावरून बोलताना ती आपल्यातलीच असेल, हे आपण विसरतो.

माझ्या ऑफिसात एक मॉर्मन सहकारी आहे. माझ्या ऑपरेशननंतर त्याच्या बायकोने आमच्याकडे जेवण पोचवलं होतं. निकालानंतर तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, मी ‘होय’ला मत दिलं आणि पैसेही दिले, हे तुला दुसऱ्याकडून कळू नये. मी बराच वेळ बोलले नाही. मग त्याला विचारलं, “तुझ्या मुलीचं लग्न टेंपलमध्ये होईल, तेव्हा मी आत येऊ शकेन का?” तो म्हणाला, नाही, फक्त आमच्यातलेच, तेही चर्चची परवानगी असलेले. मी म्हटलं, मला त्याचा राग नाही. तो तुमचा नियम आहे, आणि तो मोडायचा कायदा कोणी आणला तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. तुमच्या पूर्वजांना मिझुरीतून हाकलून लावलं होतं, तुमच्या बहुपत्नी विवाहांवर सरकारने खटले भरले होते. लग्नात बहुमत शिरलं की काय होतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? मग माझ्या लग्नात तू का आलास? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमचं जेवण अजून एकाच टेबलावर होतं, पण पूर्वीसारखं बोलणं होत नाही. होईल तेव्हा होईल. मी त्याला माफ केलं असं म्हणणार नाही. त्याच्याशी बोलणं सोडलेलं नाही, एवढं खरं.

तुमच्याशीही तसंच ठरवलं आहे.

भारतातही हा विषय आता दाराशी आला आहे. ऑगस्टमध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत शेकडो मुलं-मुली मोर्चाने चालत गेली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात आहे. तिथे आरोग्य खातं एक म्हणतं आणि गृह खातं दुसरं. तिथल्या मुलांना अजून लग्न दिसतच नाही, त्यांना आधी गुन्हेगार ठरायचं थांबायचं आहे. तुमची भाचरं, पुतणे त्यांच्यात असतील. इथे ‘त्रिकोण’ (Trikone) ही दक्षिण आशियाई समलिंगींची संस्था १९८६ पासून आहे, याच बे एरियात सुरू झालेली. आपल्या मंडळातल्या किती घरांना तिचं नाव माहीत आहे?

आता मागणं. तुम्ही आपली श्रद्धा बदला, असं मी म्हणत नाही. देवळाच्या विश्वस्तांनी आमच्यासाठी हॉल उघडावा, असंही नाही. पण मंडळाच्या व्यासपीठावरून आणि देवळाच्या ईमेलवरून ‘कुटुंब वाचवा’ म्हणत मतदानाचे निरोप गेले, ते पुन्हा जाऊ नयेत. तिथे आमचीही वर्गणी असते. हा प्रश्न परत मतपत्रिकेवर येईल, तो येणारच आहे. त्या वेळी तुमचं मन मानत नसेल तर तो रकाना कोरा सोडा. मन मानत असेल तर आमच्या लग्नाला ‘हो’ म्हणा. मधल्या काळात शंका आली तर जाहिरातीला विचारू नका, मला विचारा, माझा नंबर मंडळाच्या यादीत आहे.

आणि जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होईल. दर वर्षी मला एकटीला बोलावणं येतं. यंदा दोघींना करा. तिला तिळगूळ आवडतो, आणि ती वाण म्हणून काय आणायचं ते आत्तापासून विचारते आहे. ज्या घरात आम्ही दोघी आलेल्या चालणार नसतील, त्यांनी तसं सरळ कळवावं. मी रागावणार नाही, त्या घरी आम्ही जाणार नाही, इतकंच.

आपली,
सॅन होजेची एक मराठी बाई